प्रेसच्या तोंडावरचं तोरण

आधी जानूकाकांचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. उलटं करून चालणार नाही, कारण ते नसते तर सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नसतं. जानूकाका आमच्या मुरबाडच्या कारखान्यातले सगळ्यात जुने प्रेस ऑपरेटर. शेणव्यावरून आत गेलं की डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले. मिशी पांढरी, जीभ तिखट, आणि कामाचा गर्व इतका की नवीन माणूस कामावर आला की त्याच्यासमोर दोन्ही पंजे पसरून उभे राहायचे.

"मोज. इतकी वरसं प्रेसवर काढली, दाही शाबूत. ह्या लायनीतली डिग्री ही. तुजी काय ती कागदाची असंल."

माझी कागदाची पण नव्हती. मी परभणीकडची. आठवी झाली आणि शाळा सुटली, लग्न झालं, नवरा कंपनीच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून इकडं आला, त्याच्या मागं मी. खोली शेणव्याला मिळाली. नाक्यावरून कंपनीची बस पकडायची आणि मुरबाडला जायचं. पहिल्या दिवशी प्रेस शॉपच्या दारात उभी राहिले तर पायाखालची फरशी हलली! मला वाटलं भूकंपच. बसक्या आवाजात "आई गं" म्हणाले, तर आतले सगळे हसले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ये बाई परत, भाकरी काय इथं मिळत नाही का?" पण परत जायचं कुठल्या तोंडानं? सगळ्या भावकीत सांगून आलो होतो.

प्रेस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन लोखंडी जबडे समजा. खालचा जागेवर, वरचा वर-खाली होणारा. मधे पत्रा ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, वरचा जबडा येतो, धाड्! सपाट पत्र्याची पंख्याच्या मोटरची टोपी होते. बघायला इतकं भारी वाटतं की पहिले काही दिवस मी पॅकिंगचं टेबल सोडून तेच बघत राहायची. मग एकदम लक्षात यायचं. पत्रा ठेवणारा आणि तयार टोपी काढणारा हातच असतो, आणि लोखंडाला पत्रा कुठला आणि बोट कुठलं हे कळत नाही.

मी पॅकिंगला होते, पण माझा जीव सगळीकडं टांगलेला. "अहो, ते तेल पुसा, कुणीतरी पडंल." "दादा, ती वायर उचला की." "काय करायलात, त्या पेटीवर चढू नका!" माझ्या 'करायलात'ची सगळे नक्कल करायचे. एक दिवस प्रॉडक्शन मॅनेजर सावंतसाहेब फेरी मारत होते. प्रेस शॉपसाठी त्यांना एक सेफ्टी मदतनीस हवा होता. शिकलेले सेफ्टी ऑफिसर होते, पण ते दोन कारखाने बघायचे, रोज काही यायचे नाहीत. जानूकाकांनी माझ्याकडं बोट केलं.

"साहेब, ही घ्या. एक नंबरची घाबरट हाय."

साहेब म्हणाले, "घाबरट माणूस घेऊन मी काय करू?"

"मंग काय शूर माणूस घेताय सेफ्टीला? शूर माणसाला धोका दिसत नाय, साहेब. हिला उंदीर पळाला तरी दिसतो."

अशी मी सेफ्टीला लागले! आयुष्यभर जो माझा दोष म्हणून सगळ्यांनी ऐकवला, तोच माझा हुद्दा झाला. पिवळं जाकीट मिळालं, हेल्मेट मिळालं. संध्याकाळी खोलीवर ते जाकीट घालून आरशासमोर उभी राहिले. नवरा म्हणाला, "आता मला पण सीटबेल्ट लावायला सांगशील." म्हटलं, सांगितलंच.

सेफ्टीचं काम म्हणजे लोकांना वाटतं की बूट घाला, गॉगल लावा असं ओरडत फिरायचं. ते असतंच. पण खरं काम आहे ते ऐकण्याचं. अपघात व्हायच्या आधी तो बऱ्याचदा नुसता जवळून जातो. पत्रा निसटतो पण पायावर पडत नाही, बाही अडकते पण सुटते. असं झालं की माणूस इकडं-तिकडं बघतो, कुणी पाहिलं नाही ना, आणि कामाला लागतो. सांगितलं तर बोलणी बसतील. मी म्हटलं, पाळी सुरू होण्याआधी रोज एकानं असा आपला किस्सा सांगायचा, आणि सांगणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही. सावंतसाहेबांनी मान डोलावली. पहिल्या सकाळी सगळे गोल उभे, आणि एक जण तोंड उघडेल तर शपथ! तेवढ्यात जानूकाका पुढं आले.

"मी सांगतो. काल मी वाचलो. ही माजी बाही, बघा, रोलरनं खाल्ली. आनि का खाल्ली, तर मी बटन लावलं न्हवतं. का लावलं न्हवतं, तर बायकोशी भांडून आलोतो आनि ती बटन लावून देते."

असा हशा पिकला! त्या दिवसापासून आमच्याकडं त्याला 'वाचलो' असंच नाव पडलं. "आज कुणाचा वाचलो?" असं लोक बसमध्येच विचारायला लागले. कधी कधी दोघं-तिघं भांडायचे, माझा आधी, माझा आधी. आणि एकेका किश्शातून मला कळायचं की कुठला पंखा हलतोय, कुठल्या पायरीवर तेल गळतंय.

त्याच सुमाराला साहेब कुठल्याशा मोठ्या ट्रेनिंगला जाऊन आले आणि गेटवर बोर्ड लागला, 'कामगार हीच आमची खरी मालमत्ता'. आमच्याकडं कंपनीच्या प्रत्येक मालमत्तेवर पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली असते, नंबर घातलेली. प्रेसवर, पंख्यावर, साहेबांच्या खुर्चीवरसुद्धा. बंडू नावाचा आमचा एक ऑपरेटर, खर्डीकडचा, तिशीतला, कायम चेष्टेच्या मूडमध्ये. तो बोर्ड वाचून म्हणाला, "ताई, आमी मालमत्ता हाय ना? मंग पट्टी कुठं ठोकनार? आनि प्रेसला दर सोमवारी ग्रीस लावतान, आमाला कवा लावनार?"

सगळे हसले. मी पण हसले, पण बसमध्ये बसल्यावर ते डोक्यातून जाईना. खरंच की! मशीन बंद पडायच्या आधी तिचं तेलपाणी करतात. माणूस बंद पडल्यावर त्याला दवाखान्यात नेतात.

ग्रीस लावायची वेळ पुढच्या पावसाळ्यात आली. ऑपरेटर लोक सेफ्टी बुटांची मागची टाच दुमडून सपातांसारखे घालायला लागले. सगळेच! फटक-फटक करत चालायचे. अशानं माणूस अडखळून थेट मशीनवर पडेल. मी ओरडून थकले. शेवटी काकांनी एका बाकावर बसून बूट काढला आणि पाय माझ्यापुढं धरला. बोटांच्या बेचक्यांमधली कातडी पांढरी पडून सोलून निघाली होती, लालभडक.

"चिखल्या म्हनतान ह्याला. पहाटं लावनी करून येतोय आमी. चिखलातून निघून लोखंडी बुटात. तुमच्या परभनीला पाऊस पडतो का गो?"

"पडतो. पण विचारून पडतो," मी म्हणाले.

माझ्या माहेरी ज्वारी-कापसाचं रान, भेगा पडलेली जमीन. चिखलानं पाय खराब होतो हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी सावंतसाहेबांकडं गेले. लावणीचे दिवस आहेत तोवर गेटजवळ पाय धुवायला गरम पाणी, पुसायला टॉवेल, मलम, आणि सुती मोज्यांचे जोड हवेत. साहेब म्हणाले, "हा खर्च मी दाखवू कशात?"

"ग्रीस कशात दाखवता, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग हसले. "मेंटेनन्समध्ये," म्हणाले, आणि हो म्हणाले! मी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरले. जे मी दुसऱ्यांना कधीच करू देत नाही.

आता मुख्य गोष्ट.

त्या वर्षी तीन नवीन प्रेस आल्या. जुन्यांपेक्षा त्यांच्यात एक भारी चीज होती. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन उभे पिवळे दांडे. एका दांड्यातून दुसऱ्याकडं प्रकाशाच्या रेषा जातात, आपल्या नजरेला दिसत नाहीत. त्यांच्या मधे काहीही आलं, हात, बाही, अगदी पेन्सिल, तर वरचा जबडा जागच्या जागी थांबतो. सगळे त्याला 'डोळा' म्हणायला लागले. डोळा जागा असला की दांड्यावर हिरवा ठिपका दिसतो. मला तर त्या डोळ्याची नजर काढावीशी वाटायची! माझ्यासारखाच घाबरट, पण माझ्यापेक्षा कितीतरी चपळ.

आणि मग दसरा आला.

आमच्याकडं दसऱ्याला प्रेसची पूजा होते, ती जानूकाका करतात. तशी पूजा सगळ्याच कारखान्यांत होते. पण इथल्या भातवाल्या लोकांची एक रीत आहे, ती मी इथं येऊनच पाहिली. दसऱ्याला शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या आणायच्या, झेंडू आणि आंब्याच्या पानांत गुंफायच्या आणि घराच्या दाराला तोरण बांधायचं. त्याला 'नवं बांधणं' म्हणतात. ते मग काढत नाहीत. सुकू दे, गळू दे, पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच. आमचे ऑपरेटर प्रेसलाही नवं बांधतात. ज्याची प्रेस, त्याच्या शेतातलं भात. जुन्या प्रेसना कित्येक वर्षं बांधत आले, कधी काही बिघडलं नाही, कारण जुन्या प्रेसना डोळाच नव्हता!

सुट्टी संपून काम सुरू झालं, तेव्हा पहिल्या पाळीला मी खालच्या गोडाऊनमध्ये होते. वर काय घडलं ते मला नंतर कळलं. नवीन प्रेस चालेचनात. लोंब्या प्रेसच्या तोंडासमोर लोंबत होत्या, पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या, आणि डोळ्याला वाटत होतं, हात आला. पॅडल दाबलं की थांब. परत दाबलं की थांब. दिवाळीआधी द्यायची मोठी ऑर्डर डोक्यावर. तोरण काढायचं तर कुणाच्या मनातही नाही. मग फिटरनं पॅनेलची किल्ली फिरवून तिन्ही प्रेसचा डोळा बंद करून टाकला. काम सुरू! देव पण खूश, साहेब पण खूश.

मी जेवणाआधी वर आले. तोरणं इतकी सुंदर दिसत होती की मी आधी मोबाइलवर फोटोच काढायला गेले. पिवळा झेंडू, सोनेरी लोंब्या. स्क्रीनवर बघते तर दांड्यावरचा हिरवा ठिपका नाही. शेजारच्या प्रेसवर नाही. तिसरीवर नाही. आणि तेवढ्यात बंडूच्या प्रेसमध्ये टोपी अडकली. त्यानं काय करावं? पाय पॅडलवर तसाच ठेवला आणि ती टोपी काढायला हात सरळ जबड्याखाली घातला.

मी कशी पोचले मला ठाऊक नाही. प्रत्येक लाइनला एक मोठं लाल बटण असतं. ते दाबलं की अख्खी लाइन मरते. मी दोन्ही तळहातांनी दाबलं.

इतकी शांतता मी त्या शॉपमध्ये कधी ऐकली नव्हती. झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या तरी ऐकू येतील अशी.

"कोणी दाबलं?" सावंतसाहेब केबिनमधून धावत आले.

"मी, साहेब."

"काय झालं? कुणाला लागलं?"

"नाही लागलं."

"मग?"

"लागलं असतं. डोळे बंद आहेत. तिन्ही."

साहेबांनी फिटरकडं पाहिलं, फिटरनं वर तोरणाकडं पाहिलं. सगळ्यांना सगळं समजलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं, पण माझा हात बटणावरून निघेना, म्हणून ते तिथंच हळू आवाजात बोलले. "हे बघ, ऑर्डर जाईपर्यंत दोन-चार दिवस चालू दे. सगळे अनुभवी आहेत. नंतर बघू."

"तोरण काढूया ना, साहेब."

माझं हे वाक्य बंडूनं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा कुठल्या कुठं गेली. "ताई, आमच्या शेतातलं पयलं भात हाय ते. आयनं सवता कापून दिलंय. नवं असं काढत नाय."

"अरे, तुझा हात..."

"माजा हात माज्याजवळ हाय. तुमाला आमचं काय कळनार? तुमी भायेरच्या."

ते मला असं लागलं म्हणून सांगू! मागून कुणीतरी म्हणालं, "परभनीची ती, तिला काय नव्याचं?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "बटण सोड. नाहीतर उद्यापासून परत पॅकिंगला जा. मी कारण सांगत बसणार नाही." आणि मी अजून कायम झालेली नव्हते. डोक्यात एकच, आठवी शिकलेली बाई इंजिनिअरला नाही म्हणतेय. पण ते बटण असं असतं की दाबलं की दाबलेलं राहतं, फिरवल्याशिवाय सुटत नाही. तसाच माझा हात झाला होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. जानूकाका! दुसऱ्या टोकाच्या जुन्या प्रेसवरून आले होते. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता काका सांगतील ह्यांना. काकांनी तोरणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "काय गो, देवाला हात लावायचा म्हनतेस?"

तेव्हा कुठं मला कळलं. डोळा बंद करायला फिटरला सांगणारे काकाच होते!

"काका, बंडूचा हात गेला तर?"

"का जाईल? दसऱ्याला पूजा केलीय तिची. नारळ दिलाय. ती आपला हात घेनार नाय. मला माजी प्रेस वळखते."

"ही तुमची नाही, काका. ही नवीन आहे. ही कुणालाच ओळखत नाही अजून."

"मंग तिलाच इचारू," काका म्हणाले. "घालतो हात."

आणि खरंच बाही वर केली! माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "हात नाही! मोजा घाला. काका, तुमच्या पाया पडते, हाताऐवजी नुसता हातमोजा घाला."

का कुणास ठाऊक, पण काका थांबले. खांद्यावरचा आपला चामड्याचा हातमोजा काढला. तोरणाखाली उभं राहून जास्तीच्या म्हणून बांधलेल्या लोंब्यांची एक जुडी ओढून घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि ती जुडी मोज्यात बोटाबोटात भरली. पाची बोटं फुगली. अगदी माणसाचा पंजा.

"हा झाला देवाचा हात," काका सगळ्यांना म्हणाले. "नव्या भाताचा. आता बघू ती घेते का. नाय घेतला तर ताईनं बटन सोडायचं आनि पॅकिंगला जायचं. काय गो, कबूल?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सावंतसाहेबसुद्धा. मी म्हटलं, "कबूल. पण सगळ्यांनी पिवळ्या रेघेमागं जायचं. आणि पंजा चिमट्यानं ठेवायचा." इतकी घाबरले होते तरी चिमटा विसरले नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

काकांनी लांब चिमट्यानं तो पंजा खालच्या जबड्यावर ठेवला. चिमटा बाहेर काढला. मी बटण फिरवून सोडलं. लाइन गुरगुरायला लागली. काकांनी हात जोडले आणि पॅडलवर पाय दिला.

धाड्!

जबडा वर गेला. काकांनी चिमट्यानं मोजा बाहेर ओढला आणि तळहातावर घेतला. कागदासारखा सपाट. शिवण फाटून बोटांच्या टोकांतून काहीतरी पांढरं-पिवळं बाहेर आलं होतं. चपटं. कोवळ्या भाताचे पोहे झाले होते.

बंडूनं जवळ येऊन पाहिलं. त्यानं आपला उजवा हात पँटच्या खिशात घातला. मला वाटतं त्याला स्वतःला कळलंही नाही.

मीच म्हटलं, "आता डोळा उघडून बघू." फिटरनं किल्ली फिरवली, हिरवा ठिपका लागला. दोघांनी काठीनं तोरण वर उचलून धरलं. काकांनी दुसऱ्या मोज्यात लोंब्या भरल्या, ठेवला, पॅडल दाबलं. टक्. काही नाही. परत दाबलं. टक्. जबडा वरच. त्यांनी चार वेळा दाबलं, पाच वेळा दाबलं, लहान मूल दाबतं तसं. मग तो दुसरा मोजा उचलला, आतल्या लोंब्या बाहेर काढल्या. एक दाणा मोडला नव्हता.

"हिला वळखीची गरज नाय," काका हळूच म्हणाले. "हिला नुसतं दिसायला पायजे."

मग त्यांनी स्टूल मागवलं. मी म्हटलं, "शिडी घ्या, स्टूल नको." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस, पण शिडी घेतली! स्वतःच्या हातानं तिन्ही तोरणं सोडवली, एक लोंबीही न तुटता. बंडू पुढं झाला आणि त्यानं आपलं तोरण ओंजळीत धरलं. काका त्याला म्हणाले, "घराला कुठं बांधतोस? दाराला. हे आपलं घर नाय का? चल." आणि प्रेस शॉपचं जे मोठं दार आहे, ज्यातून आम्ही सगळे आत-बाहेर करतो, त्याच्या चौकटीवर तिन्ही तोरणं एकाला एक जोडून बांधली. खालून बंडू ओरडत होता, "अजून वर, काका, हेल्मेटला लागंल!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. सावंतसाहेब पण! मी एका खोक्यावर बसून रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

पण गोष्ट इतक्यावर सुटली नाही. डोळा बंद करून प्रेस चालवली ही मोठी गोष्ट होती, वरच्या ऑफिसातून चौकशी आली. किल्ली फिरवली फिटरनं, त्याची नोकरी जायची वेळ. मी बटण दाबायला उशीर का केला, सकाळीच का पाहिलं नाही, असाही प्रश्न निघाला. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून आत गेले आणि म्हणाले, "डोळा मी बंद करायला लावला. पोरगा माज्या शब्दाभायेर नाय म्हनून त्यानं केला. आनि हिचं म्हनाल तर हिनं बटन दाबलं नसतं तर तुमी आज मला नाय, बंडूला भेटायला दवाखान्यात गेले असता."

त्या वर्षी काका लाइन लीडर होणार, असं ठरल्यातच जमा होतं. रिटायर व्हायच्या आधी एकदा निळं हेल्मेट घालायचं, ही त्यांची फार इच्छा. ते राहिलं. निळं हेल्मेट दुसऱ्याला मिळालं. काका म्हणाले, "माज्या टकलाला निळा शोभला नसता." मी मात्र त्याच हिवाळ्यात कायम झाले. पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले तर म्हणाले, "परभनीचे हायत का? मंग दे."

सावंतसाहेबही बदलले, हे सांगायलाच हवं. त्यांनी मला बोलावून विचारलं, "अजून काय-काय बंद ठेवून चालवतोय आपण, ते सांग." मी किती खूश झाले! घाबरटाला कुणी भीतीची यादी विचारावी! मी पहिलं सांगितलं, कान. मशीनचा आवाज मोजतात, माणसाचं ऐकणं कुणी मोजत नाही. मग तपासणीची गाडी आली. आत बसायचं, कानाला लावायचं, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बंडू बाहेर येऊन म्हणाला, "ताई, आज खरी सर्व्हिसिंग झाली." आता ती गाडी दरवर्षी येते, मोजे-मलमासारखाच तिचा खर्च मेंटेनन्समध्ये जातो, आणि नवीन पोरांचे कान शाबूत आहेत.

त्या पहिल्या खेपेला जानूकाका गाडीत बसले, आणि त्यांनी बटण दाबलंच नाही. तपासणाऱ्याला वाटलं त्यांना कळलं नाही. काका म्हणाले, "अवो, वाजेल तवा दाबीन ना." बारीक आवाज सगळे गेले होते. इयरप्लग यायच्या आधीची सगळी वर्षं त्यांच्या कानांतून गेली होती. दहा बोटांची डिग्री त्यांनी जपली, कानांचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. गेलेलं परत येत नाही, पण कानाच्या यंत्रानं बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्राचं मंजूर व्हायच्या आत काका रिटायर झाले. आता मी विचारलं की ऑफिसात सांगतात, ते आपल्याकडं नाहीत आता. जुनी प्रेस भंगारात काढली की तिची पट्टी काढून घेतात, तसं.

परवा भात पिकल्यावर मी त्यांच्या वाडीवर गेले होते. काका शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन राखणीला बसलेले. भातावर पोपट येतात, थव्यानं. राखणदार आधी त्यांची चिरचिर ऐकतो, मग गोफण फिरवतो. काका डोळे ताणून समोर बघत होते आणि थवा मागून उतरला. काकू बांधावरून ओरडत पळाल्या, डबा वाजवत. परत येऊन मला म्हणाल्या, "बघ गो तुजा राजा. पाखरं डोक्यावरनं येतान, जेवून जातान, ह्याला पत्ता नाय. मी म्हनते घरी बस, तर म्हनतो माजं शेत हाय." काका वरून म्हणाले, "काय म्हनते ती?" काकू म्हणाल्या, "तुमची तारीफ करतेय!" काका खूश होऊन मिशीवर हात फिरवायला लागले. मी हसले, आणि मग मला तिथं थांबवेना.

काका, हे काकू तुम्हाला कानाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवतील, म्हणून इथंच लिहून टाकते, सगळ्यांसमोर. तुमच्या कानांचं मी करणार आहे. सावंतसाहेबांच्या दारात मी परत जाणार आहे, आणि त्यांच्या वरच्यांच्या दारात पण, आणि त्यांनी हाकललं तर परत जाणार आहे. कंपनीकडून झालं तर कंपनीकडून, नाहीच झालं तर मी आहे. घाबरत घाबरत का होईना, पण करणार. आणि ज्या दिवशी थवा अजून टेकडीच्या पलीकडं असताना तुम्ही माळ्यावर ताडकन उभे राहाल आणि गोफण फिरवाल, त्या दिवशी मी बांधावर उभी असेन. हेल्मेट घालून. तुमचा नेम मला माहीत नाही.